पेटीतले 412 चष्मे आणि नैरोबीचं तिकीट

प्रश्न : मी परळची. महापालिकेच्या शाळेत 33 वर्षं शिकवून गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. गणपतीत आमच्या सोसायटीच्या मंडळानं ‘चष्मादान’ अशी पेटी ठेवली होती, कल्पना माझीच. 412 चष्मे जमले. एक संस्था दोन आठवड्यांसाठी केनियाला माणसं नेते, तिच्याबरोबर जाऊन तिथल्या खेड्यांत हे चष्मे वाटावेत असा विचार आहे. खर्च 1,85,000 रुपये, विमानाचं तिकीट वेगळं. मिस्टर म्हणतात, ‘परोपकाराला पासपोर्ट कशाला लागतो? गोवंडी हार्बर लाइनवर आहे.’ मुलगा म्हणतो, ‘आई, खुशाल फिरून ये, पण त्याला समाजसेवा म्हणू नकोस.’ दोघांचंही मनाला लागलं आहे. मी डॉक्टर नाही, इंग्रजी बेताचं. जाऊ का? आणि नाही गेले तर या चष्म्यांचं काय करू? त्यात दोन घरांतल्या वारलेल्या माणसांचेही चष्मे आहेत.
– एक निवृत्त शिक्षिका, परळ

बाई,

नाव लिहिलं नाहीत, म्हणून बाईच म्हणतो. आमच्या शाळेत सगळ्याच बाई होत्या, मॅडम नंतर आल्या.

ते दोन चष्मे बाजूला काढून ठेवा. त्यांचं शेवटी बोलू. उरलेले 410 केनियाला नेऊ नका, हे मात्र आत्ताच सांगून टाकतो.

वीसेक वर्षं मी एका धर्मादाय दवाखान्यात डोळ्यांचे नंबर काढले. डॉक्टर मीही नाही. त्या अनुभवावरून सांगतो, जुना चष्मा जुन्या शर्टासारखा नसतो. शर्ट थोडा सैल झाला तरी अंगात घालता येतो. चष्म्यात दोन डोळ्यांचे दोन नंबर असतात, बहुतेकदा वेगवेगळे. पुष्कळांना सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसल्यानं लागणारा नंबर असतो आणि तो ठरावीक कोनातच बसवावा लागतो. शिवाय दोन बुबुळांमधलं अंतर माणसागणिक वेगळं. तुमच्या शेजारच्या काकांचा चष्मा केनियातल्या एखाद्या बाईला तंतोतंत लागायला लॉटरीच लागावी लागेल. आणि ती लागली आहे की नाही हे कळायला आधी पेटीतला प्रत्येक चष्मा मशीनवर मोजावा लागेल, धुवावा लागेल, नंबर लिहून लावून ठेवावा लागेल.

हे कुणीतरी खरोखरच मोजून पाहिलं आहे. 2012 साली एका शोधनिबंधासाठी दान म्हणून आलेले 275 चष्मे तपासले, तर पुन्हा वापरण्याजोगे निघाले 7 टक्के. निवडणं, धुणं, मोजणं, पाठवणं असा सगळा खर्च धरून एक चष्मा गरजूच्या नाकावर बसेपर्यंत 20 डॉलरच्या वर पडला. नव्या तयार, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या चष्म्याला लागतात त्याच्या जवळजवळ दुप्पट. तुमच्या पेटीला तोच हिशेब लावला तर 412 पैकी 29. सामानाचं वजन आणि तिथल्या कस्टमवाल्यांसमोर उभं राहणं वेगळंच. अंधत्व टाळण्यासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी जुने चष्मे पाठवणं थांबवा असं कधीचंच सांगितलं आहे. आपल्याकडे मात्र पेट्या ठेवणं चालूच आहे. देणाऱ्याला ड्रॉवर रिकामा झाल्याचं समाधान मिळतं, त्याला कोण काय करणार!

यात तुमची चूक नाही. मीही अशी खोकी वाहिली आहेत. त्यातल्या एका खेपेची गोष्ट सांगतो, म्हणजे तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येता येईल.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही मुंबईहून बारा जण नेपाळच्या तराईत शिबिराला गेलो होतो. नऊ दिवसांत 640 चष्मे दिले. या वेळी जुने नव्हते, घाऊक बाजारातून घेतलेले नवे तयार चष्मे होते, प्लस वन ते प्लस थ्री. एक साठीचे गृहस्थ आले, बांबूच्या टोपल्या विणणारे. जवळचा तक्ता डोळ्यांसमोर धरला, अडीचच्या नंबरानं सगळ्यात बारीक ओळीतला ‘ई’ कुठल्या बाजूला उघडा आहे तेही त्यांनी बरोबर सांगितलं. मी चष्मा दिला, ते हसले, कुणीतरी फोटो काढला.

शेवटच्या दिवशी सकाळी आमची बस निघायच्या बेतात होती. टपावर पेट्या चढवून दोरीनं करकचून बांधून झाल्या होत्या. हे गृहस्थ चष्मा हातात घेऊन दरवाजाशी आले आणि म्हणाले, ‘इसमें हाथ नहीं दिखता.’ मी आधी काही समजलोच नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे करून विणून दाखवलं, तेव्हा लख्ख प्रकाश पडला. टोपली विणणारा माणूस टोपली पुस्तकासारखी धरत नाही. ती मांडीपुढे असते, डोळ्यांपासून साठेक सेंटीमीटरवर. अडीचचा चष्मा चाळीस सेंटीमीटरवरचं स्वच्छ दाखवतो, त्यापुढचं धूसर. त्यांना पावणेदोनचा हवा होता. तो आमच्याकडे होता, टपावर. पेटी खाली काढा असं मी म्हणालो. ड्रायव्हर म्हणाला गाडी चुकेल, आमचे पुढारी म्हणाले इथल्या कुणाला तरी सांगू. इथलं कुणी नव्हतंच. मीही मग जागेवर जाऊन बसलो.

बाई, चष्मा ही वस्तू आहे असं धरून आम्ही गेलो होतो. त्या माणसाला हवा होता पुढच्या आठवड्यातही गावात सापडेल असा कुणीतरी. म्हणून ‘जाऊ का’ याचं माझं उत्तर त्या एका गोष्टीवर आहे. तुम्ही निघून आल्यावर तिथे कोण असणार? स्क्रू ढिला झाला, नाकावरची गादी तुटली, चष्म्यानं डोकं दुखायला लागलं, तर माणसानं कुणाकडे जायचं?

हे त्या संस्थेला विचारा. तोंडी नको, ई-मेलवर विचारा. डोळे कोण तपासणार, त्याला केनियात तपासायची परवानगी आहे का, जवळचं डोळ्यांचं रुग्णालय कुठलं आणि मोतीबिंदू किंवा काचबिंदूचा संशय आलेला माणूस तिथपर्यंत कुणाच्या खर्चानं पोहोचणार, हे सगळं त्यात येऊ द्या. दहा माणसं तपासली की त्यांतल्या एकदोघांना चष्म्यानं काहीच फरक पडणार नाही असं निघतं. त्यांना काय सांगायचं हे ज्या शिबिरात आधी ठरलेलं नसतं, तिथे त्यांना चष्माच देऊन वाटेला लावतात. मी पाहिलं आहे. काचबिंदू असलेला माणूस ‘आपला इलाज झाला’ असं समजून दोन वर्षं घरी बसतो आणि तोपर्यंत जायची ती नजर जाते.

1,85,000 चा तपशीलही मागा. राहण्याजेवण्याला किती, सहलीला किती, तपासणीला किती? कार्यक्रमपत्रिकेत सफारीचे दिवस किती आणि शिबिराचे किती ते बोटांवर मोजा. सफारीला माझी ना नाही. केनियात जाऊन सिंह न पाहता परत आलात तर मीच नावं ठेवीन. फक्त ते पैसे सिंहाच्या खात्यावर पडू द्या. परवानगीचंही विचारा. बिनपगारी काम असलं तरी अनेक देश ते कामच धरतात, आणि पर्यटक म्हणून शिरून शिबिरं भरवणं तिथे चालत नाही. ‘सगळे असेच जातात’ असं उत्तर आलं तर पुढे विचारायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट अशा मंडळींच्या लक्षात येत नाही. त्या तालुक्याच्या गावी चष्म्याचं दुकान असेल. कुणीतरी कर्ज काढून मशीन घेतलं असेल. वर्षातून एकदा मुंबईची बस येऊन फुकट चष्मे वाटून गेली की लोक पुढच्या बसची वाट पाहत राहतात आणि ते दुकान बंद पडतं. मग उरलेले साडेअकरा महिने कुणीच नाही.

मार्टिन आउफमुट नावाच्या एका जर्मन शिक्षकाचं (हो, शिक्षकच, गणित आणि भौतिकशास्त्राचा) मला म्हणून कौतुक वाटतं. त्यानं स्प्रिंगच्या तारेची फ्रेम वाकवायचं एक हातयंत्र तयार केलं, वीज लागत नाही. तयार भिंगं त्यात बोटांनी दाबून बसवायची. एका चष्म्याला सामान लागतं साधारण एका डॉलरचं. 2012 साली त्यानं संस्था काढली आणि हे तंत्र तिथल्या तिथल्या माणसांना शिकवलं. ती माणसं चष्मे बनवून थोड्या पैशांत विकतात आणि त्यावर पोट भरतात. आपल्याकडे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं हेच वेगळ्या वाटेनं केलं. खेड्यातल्या बारावी झालेल्या मुली घ्यायच्या, दोन वर्षं शिकवायच्या आणि डोळे तपासायचं बरंचसं काम त्यांच्यावर सोपवायचं.

केनियाचंच पाहायचं तर तुमच्याच पेशाची गोष्ट आहे. ट्रान्स-एनझोया नावाच्या परगण्यात 50 प्राथमिक शाळांमध्ये शिक्षकांनीच मुलांचे डोळे तपासले. निम्म्या शाळांत शिक्षकांच्या हातात साधा स्मार्टफोन होता आणि त्यात दृष्टी मोजायचं अ‍ॅप. ज्या मुलाला कमी दिसतं, त्याच्या आईवडिलांना एक छापील चित्र द्यायचे. तुमच्या मुलाला फळा असा दिसतो, हे दाखवणारं. वर आठवणीचे मेसेज. 2018 मध्ये निष्कर्ष छापून आले. या शाळांतल्या कमी दिसणाऱ्या मुलांपैकी 54 टक्के पुढे रुग्णालयात पोहोचली, बाकीच्या शाळांत जुन्या पद्धतीनं चिठ्ठी दिलेल्यांपैकी 22 टक्के. वीस हजारांवर मुलं तपासली गेली, आणि मुंबईहून कुणी बाई गेल्या नव्हत्या.

हे तुमचं मन मोडायला सांगत नाही. ‘मी डॉक्टर नाही’ या तुमच्या वाक्याचं ते उत्तर आहे. चाळीस पोरांच्या वर्गात फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं पोर कुठलं, हे तुम्ही 33 वर्षं बसल्या जागेवरून ओळखत आलात. हे काम त्यातूनच सुरू होतं.

आता मिस्टरांचं. ते बरोबर बोलतात, पण खवचटपणानं बोलतात, त्यामुळे तुम्हाला पटत नाही. गोवंडीतली गरज मोठी म्हणून केनियातली छोटी होत नाही. पण गोवंडीला पुढच्या मंगळवारी पुन्हा जाता येतं, एवढा तिचा गुण मोठाच आहे. आणि ते स्वतः किती वेळा गेले आहेत हेही एकदा गोडीनं विचारून घ्या.

आपल्या भाषेत वय आणि चष्मा या दोघांना एकच शब्द आहे : चाळिशी. डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळचं दिसेनासं होतं, वर्तमानपत्र धरलेला हात लांब लांब जातो. आपण दुकानात जाऊन चाळिशी आणतो आणि विसरून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालात असा चष्मा न मिळालेल्यांचा आकडा 82 कोटी 60 लाख दिला आहे. वाचायचं नसेल तर चाळिशी कशाला, असं आपल्याला वाटतं. आसामच्या चहामळ्यांत 751 मजुरांवर प्रयोग झाला, सगळे चाळिशीपुढचे. त्यातल्या निम्म्यांना जवळचे चष्मे दिले. ज्यांना दिले त्यांची पत्ती खुडण्याची वाढ बाकीच्यांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी जास्त निघाली. बांगलादेशात 35 ते 65 वयाच्या 824 जणांवर असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2024 मध्ये आले. आठ महिन्यांत चष्मेवाल्यांची कमाई चष्मा नसलेल्यांपेक्षा 33 टक्के जास्त. औषध नाही, ऑपरेशन नाही, साधी चाळिशी.

मुंबईत हे लोक कुठे आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. जरीकाम करणारे, घरी बसून बटणं लावणाऱ्या आणि कपड्यांचे धागे कापणाऱ्या बायका, तांदूळ निवडणाऱ्या, रात्रीचे वॉचमन ज्यांना रजिस्टरवरचं नाव वाचता येत नाही. तुमच्या जुन्या शाळेतल्या मुलांच्या आयांपैकी कितीजणी सुईत दोरा ओवायला पोरीला हाक मारतात, हे पालकसभेत विचारलंत तर हात वर होतील.

म्हणून माझा सल्ला असा. या वर्षीचं केनिया सोडा, केनिया कायमचं सोडू नका. वर्षभर इथे शिका. जागतिक आरोग्य संघटनेचं साहाय्यक साधनांबद्दलचं फुकट ऑनलाइन प्रशिक्षण आहे, त्यात जवळच्या चष्म्याचा भाग आहे. इंग्रजीत आहे, पण मुलाला शेजारी बसवा. इतकं मनाला लागेल असं बोलला आहे, तर जरा कामाला लावा. मग एखाद्या धर्मादाय नेत्र रुग्णालयात जाऊन सांगा, मी निवृत्त शिक्षिका आहे, आठवड्यातून दोन दिवस येईन. तुमच्याकडे परळातच बच्चूअली आहे. पहिल्या दिवशी तुम्हाला रांग लावायला सांगतील. लावा. वर्ग सांभाळलेला माणूस रांगेत काय काय पाहतो ते त्यांना महिन्याभरात कळेल.

एक गोष्ट आजच शिकवतो. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाला टाचणीनं मिलिमीटरभर भोक पाडा. ज्याला लांबचं कमी दिसतं त्याला एक डोळा झाकून दुसऱ्यानं त्या भोकातून तक्ता पाहायला सांगा. आधीपेक्षा स्वच्छ दिसलं तर बहुतेक नंबरचा प्रश्न आहे, चष्म्यानं भागेल. काहीच फरक पडला नाही तर चष्म्याच्या नादी न लावता डॉक्टरकडे पाठवा. बुबुळात पांढरं दिसतंय, डोळा लाल होऊन ठणकतोय, अचानक दिसेनासं झालंय, मधुमेह आहे, अशांना तर भोकबीक काही न करता त्याच दिवशी पाठवा. आणि लहान मुलांना तयार चष्मा हातात देऊ नका. त्यांचा नंबर बऱ्याचदा डोळ्यांत औषध घालूनच नीट काढावा लागतो.

चाळिशी देतानाही आधी विचारा, ‘काम काय करता?’ आणि त्यांना हातवारे करून दाखवायला लावा. टेप लावून डोळ्यापासून हातापर्यंतचं अंतर मोजा. त्या टोपलीवाल्यांसाठी मी हे केलं असतं तर अर्धं मिनिट लागलं असतं.

वर्षानंतर तुमच्या हातून शेदीडशे माणसं तपासून झाली असतील. तेव्हा बाहेरदेशी जायचं तर जिथे कायमचं नेत्र केंद्र आहे आणि जिथल्या लोकांनी ‘या, आम्हाला अमुक कामाला माणूस हवंय’ असं कळवलं आहे, तिथेच जा. नेपाळ जवळ आहे, व्हिसा लागत नाही, हिंदीवर बऱ्याच ठिकाणी भागतं. केनियाच हवं असेल तर यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रावर जाऊन प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. लशीचं पिवळं कार्ड नसेल तर परत येताना आपलेच लोक विमानतळावरून उचलून सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. साठीनंतर ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात, तेव्हा तारखा ठरवताना वय धरा. थोडी स्वाहिली शिकून जा. चष्म्याला ‘मिवानी’ म्हणतात.

1,85,000 रुपयांत, शंभर रुपयांचा एक धरला तरी, 1,850 चाळिश्या येतात, हा हिशेब तुम्हाला कुणीतरी सुनावणारच. मी सुनावणार नाही. पेन्शन तुमची आहे, आणि 33 वर्षं पालिकेच्या शाळेत घालवलेल्या बाईला विमानात बसावंसं वाटलं तर त्याचा हिशेब कुणी मागू नये. मुलाच्या म्हणण्यातलं ‘खुशाल फिरून ये’ एवढंच घ्या आणि एकदा नुसत्या फिरायलाही जा.

आता पेटी. 410 मधले मोडके, चरे पडलेले काढून टाका, अर्धेअधिक तिथेच जातील. धड फ्रेम असलेले वेगळे करा. ओळखीच्या चष्मेवाल्याला विचारा, गरजूला नुसत्या काचेच्या पैशांत या फ्रेममध्ये नवी भिंगं बसवून देशील का? काहीजण देतात. उरलेले ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळ्यांचे नंबर काढणं शिकवणाऱ्या एखाद्या कॉलेजात न्या. पोरांना चष्म्याचा नंबर मोजायचा सराव करायला जुने चष्मे लागतातच. आणि पुढच्या गणपतीत पेटी ठेवूच नका. मंडपात एका कोपऱ्यात तक्ता लावा आणि रुग्णालयातून एक माणूस बोलवा. प्रसादाच्या रांगेतच तपासणी होईल.

राहिले ते दोन चष्मे. ते ज्या घरांतून आले तिथे परत घेऊन जा. त्यांनी ते टाकवेनात म्हणून दिले आणि तुम्हालाही टाकवत नाहीत, म्हणजे ते कुठेच पोहोचलेले नाहीत. मुलाला किंवा नातवाला ती फ्रेम लावून पाहायला सांगा. नाकाची ठेवण, कानांपर्यंतचं अंतर, घराण्यात पुष्कळदा एकच असतं. बसली तर त्यांच्या नंबराची भिंगं दोन दिवसांत बसवून मिळतात.